आधी पाणी, मग रूळ: बंद पडलेलं स्टेशन आणि शाखामार्ग पुन्हा उभा करताना

पहिल्या वर्षी आम्ही फलाटावरचं गवत काढलं, स्टेशनच्या नावाची पाटी रंगवली आणि तिकीटघराची खिडकी पुन्हा उघडती केली. सगळ्यांना फार आनंद झाला. मग एका रात्री जोराचा पाऊस आला आणि स्टेशनच्या पुढे चारशे मीटरवर भरावाची एक कड दहा मीटर लांबीत खचली. सकाळी गेलो तर रूळ अधांतरी लोंबकळत होते. खाली उतरून पाहिलं, तर भरावाखालची दगडी मोरी माती, फांद्या आणि कुणीतरी टाकलेल्या तारेच्या भेंडोळ्याने गच्च बुजलेली. पाणी एका बाजूला तुंबलं, भरावात मुरलं आणि जाताना कड घेऊन गेलं. ती मोरी साफ करायला चार माणसांना दोन दिवस पुरले असते. भराव पुन्हा बांधायला आम्हाला दीड वर्ष लागलं.

त्यामुळे या लेखात पाटी रंगवण्याची पाळी फार उशिरा येते. मार्ग चालू असताना त्यावरून एक माणूस रोज चालत जायचा. खांद्यावर हातोडा आणि पाना. रूळ जागेवर धरणारी पाचर, म्हणजे चावी, सैल झाली असेल तर ठोकायची, बोल्ट आवळायचा, मोरीच्या तोंडाशी अडकलेली काटकी काढून टाकायची आणि पुढे जायचं. गाड्या बंद झाल्या तशी ती फेरीही बंद झाली आणि मार्ग ढासळू लागला. स्वयंसेवकांचं खरं काम ती फेरी परत सुरू करण्याचं आहे. इंजिन, तिकिटं, हिरवा बावटा हे सगळं तिच्या मागून येतं.

हौशी माणसांकडून हे होतं का, अशी शंका घेणारे भेटतातच. त्यांना वेल्समधल्या टॅलिलिन रेल्वेबद्दल सांगा. स्लेटच्या खाणीसाठी १८६०च्या दशकात बांधलेला हा अरुंद मार्ग. मालक सर हेन्री हेडन जोन्स १९५० मध्ये वारले तेव्हा तो बंद होणार हे ठरल्यासारखंच होतं. १४ मे १९५१ रोजी स्वयंसेवकांनी तो चालवायला घेतला आणि स्वयंसेवकांनी वाचवून चालवलेली ती जगातली पहिली रेल्वे ठरली. त्या हंगामात चालण्याजोगं इंजिन एकच होतं, १८६६ चं ‘डोलगोख’. शेजारच्या फेस्टिनिओग रेल्वेची गोष्ट याहून लांबलचक आहे. १९४६ मध्ये बंद पडलेल्या या मार्गाचा पहिला छोटा तुकडा १९५५ मध्ये सुरू झाला. मधल्या काळात जलविद्युत प्रकल्पाच्या तलावाने मार्गाचा काही भाग गिळला, तेव्हा स्वयंसेवकांनी डोंगरातून सुमारे चार किलोमीटरचा नवा मार्ग काढला. शेवटचं स्टेशन गाठायला १९८२ उजाडलं. म्हणजे पहिल्या गाडीपासून सत्तावीस वर्षं. कामाला हात घालण्याआधी गटातल्या प्रत्येकाने हा आकडा मनाशी धरून ठेवावा.

कागद

कुदळ उचलण्याआधी जमीन कुणाची आहे ते शोधा. बंद पडलेला मार्ग बहुधा एका मालकाकडे राहत नाही. स्टेशनची इमारत एकाकडे, गोदाम दुसऱ्याकडे, मधली पट्टी शेजारच्या जमिनींना जोडलेली, फाटकाच्या जागी रस्ता रुंद झालेला. जुने नकाशे, विक्रीची कागदपत्रं आणि आजची मोजणी एकावर एक ठेवून बघा आणि पट्टीचा सलग नकाशा तयार करा. प्रत्येक तुकड्यावर मालकाचं नाव, हद्दीची खूण आणि जमिनीखालून काय जातं ते लिहा. बंद मार्गाची पट्टी सरळ आणि मोकळी असते, म्हणून पाण्याच्या नळवाहिन्या आणि केबली तिच्यातूनच नेलेल्या असतात. पहार मारण्याआधी हे कळलेलं बरं.

मधला एखादा तुकडा हातून गेला तर काय होतं, ते इंग्लंडच्या ब्लूबेल रेल्वेने भोगलं. त्यांची पहिली गाडी ७ ऑगस्ट १९६० रोजी धावली. पण उत्तरेकडच्या ईस्ट ग्रिन्स्टेड गावापर्यंत पोचायला मार्च २०१३ उजाडला. वाटेतलं एक खोल कटिंग, म्हणजे मार्गासाठी जमीन कापून केलेली खाच, घरगुती कचऱ्याने भरून टाकलेलं होतं आणि तो कचरा उपसून गाड्यांमधून हलवावा लागला. म्हणून पैसे कमी असतील तर इंजिनाच्या आधी जमीन घ्या. इंजिन पुढच्या वर्षीही मिळेल. विकत घेणं जमत नसेल तर लांब मुदतीचा भाडेपट्टा करा आणि त्यात दोन गोष्टी स्पष्ट लिहून घ्या: पुलांची जबाबदारी कुणाची, आणि करार संपला तर तुम्ही टाकलेले रूळ कुणाचे.

मालकीबरोबर जबाबदारीही येते, हे नव्या गटांच्या लक्षात येत नाही. ज्या क्षणी कमानीचा पूल तुमच्या नावावर होतो, त्या क्षणापासून त्यातून निखळून खाली रस्त्यावर पडणारा दगडही तुमचा. म्हणून गट नोंदणीकृत संस्था म्हणून उभा करा, म्हणजे देणं सभासदांच्या घरादारावर येणार नाही. विमा पहिल्या श्रमदानाच्या आधी उतरवा. आणि रेल्वे सुरक्षेची देखरेख करणाऱ्या यंत्रणेकडे सुरुवातीलाच जा. सगळं तयार झाल्यावर परवानगी मागायला गेलेल्या गटांना केलेलं काम उखडावं लागलं आहे. कमी वेगाच्या मार्गाला काही सवलत आहे का, हे तिथे आवर्जून विचारा. ब्रिटनमध्ये १८९६ च्या लाइट रेल्वे कायद्याने हलक्या मार्गांना सुटसुटीत नियम दिले, आणि तिथल्या बहुतेक जतन केलेल्या मार्गांवर ताशी २५ मैलांची, म्हणजे ४० किलोमीटरची मर्यादा असते. वेग कमी ठेवला की रूळ, सिग्नल, फाटकं सगळ्यांचाच भार हलका होतो.

पहिली फेरी

गवत सर्वांत कमी असेल असा ऋतू निवडा. चौघे जण पुरेत. एकाकडे मोजपट्टी किंवा चाकाचं मापक, एकाकडे कॅमेरा, एकाकडे वही, आणि चौथ्याने फक्त बघायचं. स्टेशनच्या इमारतीचा एक कोपरा शून्य धरा आणि दर पन्नास मीटरवर रंगाची खूण करत चला. ही मापं पुढे वीस वर्षं वापरली जाणार आहेत, त्यामुळे शून्य कुठे धरला ते दोन ठिकाणी लिहून ठेवा. आमच्या पहिल्या वहीत एकाने फलाटाच्या टोकापासून मोजलं होतं आणि दुसऱ्याने सिग्नलच्या खांबापासून. दोन्ही मापं जुळवण्यात एक आख्खा हिवाळा गेला.

वहीत काय लिहायचं? मोरी कुठे आहे आणि तिच्या दोन्ही तोंडांतून उजेड दिसतो का. भरावाची कड कुठे फुगली किंवा झाडं कुठे एका बाजूला कलली आहेत, कारण खोड वाकलेलं असेल तर खालची माती सरकते आहे असं समजावं. कटिंगच्या तळाशी कुठे पाणी साचतं. कुठे कुंपण तुटलं आहे, कुठून लोकांची पायवाट जाते. जुने किलोमीटरचे दगड, चढाचे फलक, खडीत पुरलेले सुटे भाग उचलू नका. फोटो काढा, जागा लिहा आणि तिथेच राहू द्या.

जमलं तर पूर्वी या मार्गावर गँगमध्ये, म्हणजे रुळांची देखभाल करणाऱ्या टोळीत, काम केलेल्या एखाद्या म्हाताऱ्याला सोबत न्या. आमच्याबरोबर असे एक आजोबा आले होते. तिसऱ्या किलोमीटरवर थांबून त्यांनी काठी टेकली आणि म्हणाले, “इथं दर पावसाळ्यात दोन गाड्या खडी टाकायचो. तरी खालीच जायचं.” नकाशावर तिथे काहीच नव्हतं. खणून पाहिलं तेव्हा भरावाखाली जुना झरा निघाला.

पाणी

रेल्वेची सगळी गंभीर दुखणी पाण्यापासून सुरू होतात. ऑस्ट्रेलियातली पफिंग बिली ही अरुंद मार्गाची रेल्वे १९५३ मध्ये दरड कोसळून बंद पडली. १९५५ मध्ये तिच्यासाठी संस्था उभी राहिली, दरडीला वळसा घालून मार्ग काढला गेला आणि गाड्या १९६२ मध्ये परत धावल्या. एका घसरलेल्या उताराची एवढी किंमत.

साफसफाई नेहमी खालून वर करा. पाणी जिथे बाहेर पडतं तिथून सुरुवात करून वरच्या अंगाला जा. वरची नाली आधी मोकळी केली तर साचलेलं सगळं पाणी एकदम बुजलेल्या मोरीवर येऊन आदळेल. मोरीच्या बाहेरच्या तोंडाशी आधी पुरेसा उतार आहे का बघा. पुष्कळदा मोरी आतून ठीक असते आणि तिच्या पुढचा ओढाच गाळाने वर आलेला असतो.

मोरी छोटी असेल तर आत माणूस पाठवू नका. हे सक्तीने पाळा. आत हवा कोंदट असते, दगड सैल असतात आणि पाठीमागून पाणी येऊ शकतं. लांब दांड्याचं फावडं, जोडनळ्यांच्या काठ्या आणि दाबाचं पाणी वापरा, आतली अवस्था बघायला काठीच्या टोकाला कॅमेरा आणि दिवा बांधा. हातमोजे आणि बूट जाड रबराचे हवेत. साचलेल्या पाण्यात उंदरांच्या मुतातून पसरणारा लेप्टोस्पायरोसिस हा आजार असू शकतो, हातावरची छोटी जखमही त्याला पुरते. धनुर्वाताची लस प्रत्येकाने घेतलेली असावी.

कटिंगमध्ये रुळांच्या दोन्ही बाजूंच्या नाल्या जुन्या पातळीपर्यंत खोदा, पण त्याच्या खाली जाऊ नका. उताराचा पाया सुटतो. काढलेला गाळ वरच्या कडेला टाकायचा मोह होतो, तोही टाळा. पहिल्या पावसात तो परत खाली येतो. हे सगळं झालं की एक पूर्ण पावसाळी हंगाम जाऊ द्या. जोराच्या पावसात छत्र्या घेऊन जा आणि पाणी कुठून कुठे जातं ते उभं राहून बघा. कुठल्याही सर्वेक्षणापेक्षा त्या दिवशी जास्त कळतं.

झाडं, पूल

झाडं तोडण्याचा उत्साह आवरता घ्या. पक्ष्यांच्या घरट्यांचा काळ सोडून काम करा, आणि जुन्या इमारतीत किंवा बोगद्यात वटवाघळं असतील तर आधी जाणकाराला बोलवा. पुष्कळ देशांत त्यांना कायद्याचं संरक्षण आहे. भरावावरची मोठी झाडं एकाच वर्षी उपटून काढू नका. मुळांनी माती धरलेली असते. बुंधा जमिनीलगत कापा, मूळ तसंच राहू द्या आणि कुजताना होणाऱ्या पोकळीवर पुढची काही वर्षं नजर ठेवा. दगडी कामात घुसलेलं रोप तर कधीच ओढू नका. ओढलं की मुळाबरोबर दगडही येतो. कापा, मूळ मरू द्या, मग दर्जा, म्हणजे दगडांमधल्या फटी, भरा.

पूल हा स्वयंसेवकांनी स्वतःच्या नजरेवर सोडायचा विषय नाही. पात्र अभियंत्याकडून तपासणी करून घ्या आणि त्याचा अहवाल येईपर्यंत त्यावर हातगाडीसुद्धा नेऊ नका. तुमचं काम अभियंता येण्याआधीचं आणि गेल्यानंतरचं. आधी: पुलाला हात लावता येईल इतकं साफ करा, नदीच्या तळाशी खांबाच्या पायाजवळची माती वाहून गेली आहे का ते बघा, हातोडीने दगड ठोकून पोकळ आवाज कुठे येतो त्यावर खडूने खूण करा. नंतर: भेगेवर काचेची पातळ पट्टी दोन्ही टोकांना चिकटवा आणि शेजारी तारीख लिहा. काच फुटली तर भेग हलते आहे. शंभर वर्षांपूर्वीची ही युक्ती आजही तितकीच खरी सांगते.

रूळ

आता रुळांकडे. काही ठिकाणी ते जागेवर असतात, काही ठिकाणी भंगारात गेलेले. वेल्श हायलँड रेल्वेचे रूळ १९४१ मध्ये उखडले गेले होते. तो सुमारे ४० किलोमीटरचा मार्ग नव्याने टाकून २०११ मध्ये पूर्ण चालू झाला. म्हणजे रूळ नसणं ही अडचण आहे, शेवट नाही. पण वजनाचा हिशेब आधी करा. मीटरला ४७ किलो वजनाचा रूळ धरला तर १८ मीटरचा एक तुकडा साधारण ८५० किलोचा, आणि एका किलोमीटरला दोन रुळांचे मिळून ९४ टन. रुंद मार्गाचा लाकडी स्लीपर, म्हणजे रुळांखालचा आडवा ओंडका, ओला असताना दोघांना उचलायला जड जातो आणि किलोमीटरला असे साधारण पंधराशे लागतात. हे ओझं हातांनी हलवायचं नसतं. पहारीने कलवायचं, रोलरवरून सरकवायचं, यंत्राने उचलायचं. मी या कामात पाहिलेल्या बहुतेक दुखापती घाईघाईने उचलण्यात झाल्या आहेत.

एका वेळी छोटा तुकडा घ्या. स्टेशनपासून पाचशे मीटर पुरेत, पण ते पाचशे मीटर पूर्ण करा: नाली, खडी, स्लीपर, रूळ, मोजमाप, कुंपण. पाच किलोमीटर अर्धवट करून ठेवलेल्या गटाकडे दाखवायला काही नसतं आणि देखभालीचा बोजा मात्र पाच किलोमीटरचा असतो.

जुने स्लीपर तपासायला टोच्या आणि हातोडी पुरे. ठणक आवाज आला तर लाकूड धरून आहे, भद्द आवाज आला तर आत कुजलं आहे. रुळाखालची बैठक आणि खिळ्यांची भोकं टोच्याने बघा, कारण वरून टणक दिसणारा स्लीपर तिथेच भुसभुशीत झालेला असतो. सगळे एकदम बदलायला पैसे नसतील तर लागोपाठ दोन खराब स्लीपर कुठेही राहणार नाहीत अशा बेताने बदला. त्यातही जॉइंटखालचे, म्हणजे दोन रूळ जोडले जातात तिथले, आधी. काढलेले स्लीपर जाळू नका, घरात किंवा मुलांच्या खेळण्याच्या जागी वापरू नका. त्यांत लाकूड टिकवण्यासाठी दिलेलं क्रिओसोट मुरलेलं असतं आणि ते कर्करोगकारक आहे.

खडी टोकदार, फोडलेल्या कठीण दगडाची हवी. नदीतले गोल गोटे एकमेकांवरून घरंगळतात, टोकदार खडी एकमेकीत अडकते आणि स्लीपरला धरून ठेवते. जुनी खडी मातीने भरली असेल तर तिच्यात पाणी थांबतं, गाडीखाली स्लीपर वरखाली होतो आणि चिखल पिचकारीसारखा वर येतो. अशा जागी वरून नवी खडी टाकून काहीच साधत नाही. खालपर्यंत उकरून, चाळून, मग भरा.

एक जॉइंट उघडण्याचं काम जरा जवळून सांगतो, कारण नवे स्वयंसेवक मार्गाची नाडी इथे शिकतात. दोन रुळांची टोकं दोन बाजूंच्या लोखंडी पट्ट्यांनी, म्हणजे फिशप्लेटींनी, आणि बहुधा चार बोल्टांनी जोडलेली असतात. आदल्या आठवड्यात नटांवर गंज सोडवणारं तेल टाकून ठेवा. लांब दांड्याचा पाना पूर्ण बसला आहे का हाताने चाचपून घ्या, पाना निसटला तर आपला तोल कुठे जाईल ते बघून पाय रोवा, आणि मग जोर लावा. नट सुटताना कर्र असा आवाज येतो. प्लेट सहज निघत नाही, खालच्या कडेला हलके ठोके द्यावे लागतात. ती सुटली की आतलं लोखंड तपकिरी पापुद्र्यांनी माखलेलं दिसतं. तारेच्या ब्रशने चकचकीत होईपर्यंत घासा आणि टॉर्च अगदी तिरपा धरून बोल्टच्या भोकाभोवती बघा. भोकाच्या कडेपासून तिरकी निघालेली केसाएवढी रेघ दिसली तर तो रूळ संपला. तिथे लाल खूण करा आणि बदलेपर्यंत त्यावरून काहीही नेऊ नका. रेघ नसेल तर प्लेटच्या आतल्या बाजूला ग्राफाइटचं ग्रीस लावा आणि परत आवळा.

ग्रीस कशासाठी, हे प्रत्येकाला समजलं पाहिजे. पोलाद दर अंश सेल्सिअसला आपल्या लांबीच्या साधारण ०.००००११५ पट वाढतं. १८ मीटरचा रूळ पहाटेच्या गारठ्यापासून दुपारच्या उन्हापर्यंत ४० अंश तापला तर तो आठ मिलिमीटरच्या आसपास लांबतो. ही वाढ जॉइंटमधल्या फटीत मावायची असते. प्लेटी गंजून जाम झाल्या की रुळाला सरकता येत नाही, ताण साठतो आणि एखाद्या दुपारी मार्ग सापासारखा बाजूला फुटतो. म्हणून सगळे जॉइंट वर्षातून एकदा, उन्हाळ्याच्या आधी, उघडून ग्रीस करायचे. कंटाळवाणं काम आहे. पण वर्षभरातली कुठलीही एकच गोष्ट करायला जमणार असेल, तर मी हीच करेन.

पॅकिंग म्हणजे स्लीपरखाली खडी ठोकून बसवणं. मुकादमाने रुळावर गुडघा टेकून, डोळा रुळाच्या पातळीला आणून लांबवर बघायचं. खळगे तिथून स्पष्ट दिसतात. जॅकने हळूहळू उचला आणि खडी रुळाच्या दोन्ही बाजूंना हातभर अंतरात घट्ट ठोका. स्लीपरच्या मधोमध ठोकू नका. मध्यभागी घट्ट झालेला स्लीपर तराजूच्या दांडीसारखा डुलतो आणि शेवटी कमरेत मोडतो. मग दर तीन मीटरवर गेज, म्हणजे दोन रुळांमधलं अंतर, आणि दोन्ही रुळांची उंची मोजून वहीत लिहा. लागोपाठच्या दोन नोंदींमधल्या उंचीच्या फरकात १५ मिलिमीटरचा बदल म्हणजे २००ला १ इतका पीळ. नुसत्या डोळ्याला तो दिसत नाही, पण चाकाला कळतो. कितीला थांबायचं ते तुमच्या अभियंत्याकडून आधीच लिहून घ्या.

पॉइंट, म्हणजे गाडी एका रुळावरून दुसऱ्यावर वळवणारे सांधे, शक्य तितके कमी ठेवा. प्रत्येक पॉइंटला साफसफाई, तेल, कुलूप आणि तपासणी चारपट लागते. सुरुवातीला दोन्ही टोकांना इंजिन गाडीच्या दुसऱ्या बाजूला नेण्यापुरते बसवा, बाकी मग बघता येईल.

स्टेशन

इमारतीतही क्रम तोच. आधी छप्पर आणि पन्हळ, मग भिंती, मग लाकूड, सगळ्यात शेवटी रंग. जुन्या छपराचे पत्रे किंवा बॉयलरभोवतीचं वेष्टण अ‍ॅस्बेस्टॉसचं असू शकतं. शंका आली की तोडू नका, घासू नका, परवानाधारक माणसाला बोलवा. जुन्या रंगात शिसं असतं, त्यामुळे कोरडं खरवडणं बंद. ओला पॉलिशपेपर, मास्क आणि खाली पसरलेला कागद. मूळ रंग कोणता होता ते बघायचं असेल तर दाराच्या चौकटीच्या आडबाजूला नाण्याएवढ्या जागेत ओल्या पेपरने गोल गोल घासा. झाडाच्या खोडासारखी वर्तुळं उमटतात, सगळ्यात आतलं वर्तुळ म्हणजे पहिला हात. आमच्या स्टेशनला सगळे जण हिरवं म्हणत होते. आत निघाला तो मातकट तांबडा.

भिंतींच्या दर्जा सिमेंटने भरू नका. जुनी वीट आणि दगड चुन्यात बसवलेले असतात. भिंतीत शिरलेली ओल चुन्यातून बाहेर पडते. सिमेंट तिला अडवतं, मग ती विटेतून वाट काढते आणि थंडीत किंवा क्षारांमुळे विटेचा चेहराच सोलून निघतो. दर्जातला सुटा चुना रुंदीच्या दुप्पट खोलीपर्यंत लाकडी पाचर आणि लहान छिन्नीने काढा, यंत्राची चकती विटेच्या कडा खाते. धूळ झाडून भिंत पाण्याने भिजवा. एक भाग चुना, तीन भाग कोनदार वाळू, आणि पाणी इतकंच की मुठीत दाबलं तर गोळा होईल पण हात ओला होणार नाही. थापीने आतपर्यंत दाबून भरा, थोडं आवळलं की कडक ब्रशने ठोकून पृष्ठभाग मोकळा करा, म्हणजे चुना श्वास घेईल. त्यावर ओलं पोतं टांगून आठवडाभर ओल टिकवा. ऊन आणि वारा लागला की चुना घट्ट न होता भुगा होतो. डोळ्यांवर चष्मा हवाच, चुना डोळ्यात गेला तर तो भाजतो.

माणसं आणि शिस्त

उत्साहाने आलेला माणूस तिसऱ्या रविवारी येत नाही, कारण पहिल्या दोन रविवारी त्याला काय करायचं ते कुणी सांगितलं नाही. म्हणून प्रत्येक श्रमदानाच्या आधी काम ठरलेलं, हत्यारं काढून ठेवलेली आणि एक जबाबदार माणूस नेमलेला असावा. ज्यांना ओझं उचलणं जमत नाही त्यांच्यासाठीही भरपूर आहे: हिशेब, फोटोंची नोंद, जुन्या कर्मचाऱ्यांच्या आठवणी लिहून घेणं, खिडक्यांना काचा बसवणं. हे दुय्यम काम आहे असं कुणाला वाटता कामा नये.

मार्गावर एकट्याने काम करायचं नाही. गाडी, ट्रॉली, छोटं डिझेल इंजिन काहीही हलायला लागलं की माणसं आणि वाहनं एका वेळी एका तुकड्यात नकोत. यासाठी जुना, साधा उपाय आहे: तुकड्याला एकच काठी, त्यावर तुकड्याचं नाव. ती काठी ज्याच्या हातात, त्यालाच त्या तुकड्यात जाण्याचा हक्क. गँग काम करत असेल तर काठी मुकादमाकडे. “पाचच मिनिटांसाठी जाऊन येतो” याला उत्तर नाही असंच.

वाफेच्या इंजिनाचा हट्ट सुरुवातीला सोडा. बॉयलरची तपासणी आणि ठराविक वर्षांनी पूर्ण खोलून करायची दुरुस्ती हा स्वतंत्र संसार आहे. लहान डिझेल इंजिनाने खडी ओढता येते, स्लीपर नेता येतात, आणि मार्ग आपलं वजन पेलतो का तेही कळतं. आधी रिकामी गाडी चालण्याच्या वेगाने, दोन्ही बाजूंना माणसं चालत. मग वजन घालून. प्रत्येक फेरीनंतर जॉइंट आणि पुलावरच्या काचा बघायच्या. सुरक्षा यंत्रणेचा माणूस येऊन तपासून सही करेपर्यंत प्रवासी नाही, कुणाचे नातेवाईक असोत की देणगीदार.

पहिल्या प्रवासी गाडीचा दिवस गर्दीचा असतो. त्या दिवशी रात्रीच ठरवून ठेवा की उद्या पहाटे फेरीला कोण जाणार. आमच्याकडे पाळी दोघींची होती. सकाळी सहाला हातोडा, पाना आणि वही घेऊन त्या निघाल्या. पहिल्या मोरीच्या तोंडाशी एक फांदी अडकली होती, ती काढली. ३५० मीटरच्या खुणेजवळ डाव्या रुळाचा एक नट अर्धा आटा सैल झाला होता, तो आवळला. वहीत मीटर, बाजू, काय केलं, वेळ आणि सही लिहून पुढे गेल्या.